साखर उतरली की कुत्र्यानं उठवावं यासाठी: वासाच्या प्रशिक्षणाची घरगुती पद्धत

इन्सुलिनवर असलेल्या माणसाची साखर रात्री झोपेत ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर त्याला स्वतःहून जाग येईलच असं नाही. टाइप १ मधुमेह बरीच वर्षं असला की घाम, थरथर, धडधड ही सावध करणारी लक्षणं बोथट होत जातात. अशा घरात नीट शिकवलेला कुत्रा खरोखर उपयोगी पडतो. माणसाच्या वासातला बदल ओळखून तो नाकानं ढोसतो, उठवतो. मग ग्लुकोमीटरनं खात्री करायची आणि साखर घ्यायची.

कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या पुढं असतात, माणसाच्या नाकात ५०-६० लाख. त्यामुळं बहुतेक वेळा कुत्र्याचं नाक कमी पडत नाही. गडबड होते ती आपण गोळा केलेल्या नमुन्यात आणि आपण नकळत दिलेल्या इशाऱ्यात. म्हणून या लेखात कुत्र्याला बसायला-उठायला शिकवण्यापेक्षा गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार सुती कापड), बाटली, फ्रीझर आणि नोंदवही यांवरच जास्त लिहिलं आहे.

अपेक्षा किती ठेवायची

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप १ असलेल्या ८ स्त्रियांची साखर डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवून त्यांचा श्वास तपासला. साखर खाली गेल्यावर श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन वाढलेलं दिसलं. कुत्रा नेमका हाच वास धरतो की वेगवेगळ्या वासांचं मिश्रण, हे अजून ठरलेलं नाही. शिकवताना त्यानं काही अडत नाही, कारण आपण खरा नमुनाच वापरतो.

परिणामांचे आकडे मात्र आधीच पाहून घ्या. ब्रिटनमधल्या २७ प्रशिक्षित कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या मधल्या कुत्र्यानं साखर कमी झाल्याचे ८३ टक्के प्रसंग ओळखले. उलट, अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात साखर सतत मोजणाऱ्या, त्वचेवरच्या सेन्सरशी तुलना केली, तेव्हा कुत्र्यांनी जेमतेम ३६ टक्के प्रसंग पकडले आणि बहुतेक वेळा सेन्सर आधी वाजला. कुत्रे वेगळे, मोजण्याची पद्धतही वेगळी. आपल्यापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे: कुत्रा हा जादा पहारा समजायचा. सेन्सर परवडत असेल तर तो काढू नका आणि कुत्रा गप्प आहे म्हणून तपासणी कधीच टाळू नका. डॉक्टरांनाही हे चाललंय ते सांगून ठेवा.

मधुमेहासाठी फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या आजोबांसाठी हा खटाटोप करू नये. त्यांची साखर अशी क्वचितच कोसळते. इन्सुलिन घेणारं लहान पोर, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या खाणारी एकटी राहणारी आज्जी, रात्रपाळी करणारा इन्सुलिनवरचा माणूस अशांसाठी ही मेहनत सार्थकी लागते.

कुत्रा कसा निवडायचा

वय १ ते २ वर्षं. खाण्याची किंवा चेंडूची हाव हवी, माणसाच्या अंगाशी राहायची आवड हवी आणि मिक्सर, फटाके, मिरवणुकीतला ढोल यांना घाबरून कोपऱ्यात जाणारा नको. एक सोपी परीक्षा घ्या. त्याच्यादेखत चिकनचा तुकडा दाखवून गवतात फेका आणि बघा. २-३ मिनिटं नाक खाली ठेवून शोधत राहणारा घ्या. अर्ध्या मिनिटात सोडून तुमच्या तोंडाकडं बघणारा या कामाला कष्टाचा पडेल.

लॅब्रॅडोर, गोल्डन, स्पॅनियल सोपे जातात. गल्लीतलं गावठी पिल्लू घरात वाढलं असेल तर तेही उत्तम शिकतं. पग आणि तत्सम चपट्या नाकाचे टाळा, त्यांना श्वासाचाच त्रास असतो. कोल्हापूरच्या आसपास कारवान आणि मुधोळ पाळणारे पुष्कळ. ही जात नजरेनं सावज हेरणारी, त्यामुळं नाक वापरायची सवय लावायला वेळ जास्त लागतो. पण जमत नाही असं समजू नका. २०२१ मध्ये भारतीय लष्करानं कोविडचा वास ओळखायला शिकवलेल्या कुत्र्यांत कॅस्पर या कॉकर स्पॅनियलबरोबर जया आणि मणी ही चिप्पीपराई जातीची जोडी होती, आणि चिप्पीपराईही नजरेनंच शिकार करणारी जात.

लसी पूर्ण हव्यात आणि गोचीड अजिबात नको. गोचीडतापातून उठणारा कुत्रा खात नाही, वासावर टिकतही नाही. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर प्रशिक्षण थांबवा. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवरच्या चाचणीत या औषधानं काहींची वास ओळखायची क्षमता घटलेली दिसली आहे. औषध संपल्यावरही ८-१० दिवस थांबून मगच सुरू करा.

नमुना: इथंच सगळं घडतं किंवा बिघडतं

आधी सुरक्षितता. साखर मुद्दाम उतरवून नमुना घ्यायचा नाही, कधीच नाही. मीटरवर ५४ पेक्षा कमी आकडा दिसला, किंवा माणूस गोंधळलेला वाटला, तर नमुन्याचा विचार सोडून आधी साखर द्या. एरवी ५५ ते ६९ च्या दरम्यान आकडा असेल आणि माणूस नीट बोलत असेल, तर नमुन्याला अर्धा मिनिट पुरतो. लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे ३ चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. गुळाचा खडा चघळत बसण्यापेक्षा ग्लुकोज पावडरीचं पाणी लवकर लागू पडतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

साहित्य: निर्जंतुक गॉजचे ५ बाय ५ सेंटिमीटरचे तुकडे, रुंद तोंडाच्या छोट्या काचेच्या बाटल्या, बिनवासाचे नायट्राइल हातमोजे, स्टीलचा चिमटा. सर्जिकलच्या दुकानात सगळं मिळतं. गॉज एकाच कंपनीचा, एकाच पुड्यातला ठेवा.

नमुना घेताना रुग्णानं गॉज स्वतः तोंडात घालून १५ सेकंद लाळेनं भिजवायचा. दुसऱ्या कोरड्या गॉजनं कपाळ आणि मानेमागचा घाम पुसायचा. दोन्ही एकाच बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं. बोट टोचलेल्या हातानं गॉज धरू नका, दुसरा हात वापरा, नाहीतर कुत्रा रक्ताचा वास शिकेल. बाटलीवर तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. पेन्सिलीनं लिहा आणि चिठ्ठी बाहेरून चिकटवा, कारण मार्करच्या शाईला उग्र वास असतो.

आता नेहमी होणारा घोळ. कमी साखरेचे नमुने बहुधा रात्री मिळतात, तोंडाला टूथपेस्टचा वास असताना. नेहमीच्या साखरेचे नमुने दुपारी घेतले जातात, जेवणानंतर. कुत्रा इमानदारीनं टूथपेस्ट आणि आमटी यांतला फरक शिकतो आणि तुम्हाला वाटतं तो साखर ओळखतोय. यावर उपाय जोडीचा. रात्री २ वाजता ६२ चा नमुना मिळाला, तर पुढच्या एखाद्या रात्री त्याच सुमाराला, त्याच माणसाचा, ९० ते १३० च्या दरम्यान साखर असतानाचा नमुना घ्या. त्याच पुड्यातला गॉज, तशीच बाटली, फ्रीझरचा तोच कप्पा. जोडी मिळाल्याशिवाय तो कमी साखरेचा नमुना वापरू नका.

तिसरा प्रकारही हवा: घामाचा, पण साखर ठीक असतानाचा. साखर उतरल्यावर घाम सुटतो, म्हणून कुत्रा नुसत्या घामावर इशारा देऊ लागतो. कोल्हापुरातली टेंबलाईची टेकडी चढून आल्यावर किंवा तालमीतून परतल्यावर, मीटरवर आकडा ठीक आहे हे बघून असे ८-१० नमुने घ्या. व्यायामानं साखर उतरते, त्यामुळं आकडा न बघता घेतलेला घामाचा नमुना फसवा ठरतो.

साठवण फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास. बाटल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. रविवारचं मटण आणि सुकी मासळी ज्या फ्रीझरमध्ये असते, तिथं नुसत्या पिशवीत ठेवलेले नमुने आठवड्यात वास पकडतात. पावसाळ्यात वीज ८-१० तास गेली आणि नमुने वितळले, तर ते सगळे फेकून द्या. पुन्हा गोठवून वापरू नका, कारण लाळेत जंतू वाढले की वासच बदलतो. नमुना ३ महिन्यांत संपवा. वापरायच्या आधी बंद बाटलीत २०-३० मिनिटं बाहेर ठेवा. झाकण गार असताना उघडलंत तर आत दव धरतं.

कमी साखरेचे निदान २५-३० वेगवेगळ्या प्रसंगांचे नमुने लागतात. हे जमायला काही महिने जातात, घाई करू नका. त्यातला तिसरा हिस्सा परीक्षेसाठी बाजूला काढून त्याला हात लावायचा नाही. याचं कारण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या एका अभ्यासात दिसतं. त्यात कुत्रे ओळखीच्या नमुन्यांवर छान काम करत होते, नवीन नमुने आले तेव्हा अडले. त्यांनी आजाराचा वास शिकण्याऐवजी प्रत्येक नमुना वेगळा लक्षात ठेवला होता. कुत्र्याची वासाची आठवण जबरदस्त असते. ३-४ नमुने फिरवत राहिलात तर तो हेच करणार.

डब्या आणि फळी

महाद्वार रोड परिसरातल्या भांड्यांच्या दुकानातून एकसारख्या ६ स्टीलच्या डब्या घ्या. झाकणाला ३ मिलिमीटरची ८-१० भोकं पाडून घ्या. भोकं मोठी पडली तर कुत्रा जीभ घालून गॉज चाटतो. सुताराकडून ८ फुटी फळी आणून त्यावर दीड-दीड फुटावर खाचा करून घ्या, म्हणजे डबी नाकानं ढकलली तरी सरकणार नाही. डब्या त्याहून जवळ ठेवल्या तर शेजारच्या डबीचा वास मिसळतो आणि कुत्रा दोन डब्यांच्या मधे घुटमळतो.

प्रत्येक सत्रानंतर डब्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवून उन्हात वाळवा. भांड्याचा लिंबाच्या वासाचा साबण वापरू नका. पंखा बंद, उदबत्ती नाही, धूप नाही. उन्हाळ्यात चटणी कुटून आणल्यापासून पुढचे दोन दिवस सत्र घेऊ नये. घरभर मिरचीचा खकाणा असतो, कुत्रा शिंकत राहतो आणि त्याला फळीजवळ जाणंच नकोसं होतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी ७ च्या आत उरका. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा तोंडानं श्वास घेतो, त्याला नीट हुंगता येत नाही. अंघोळीनंतर किंवा धावपळीनंतर अर्धा तास थांबा.

शिकवणं

पहिले दोन-तीन दिवस फक्त खुणेचा शब्द पक्का करा. "हां!" म्हणा आणि लगेच तुकडा द्या, एका वेळी १५-२० वेळा. तुकडा वाटाण्याएवढा, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. तांबड्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालणार नाही, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

मग कमी साखरेचा नमुना असलेली एक डबी हातात धरा. नाक भोकांजवळ आलं की "हां!" आणि तुकडा. तुकडा डबीच्या जवळच द्या, म्हणजे कुत्रा तिथंच रेंगाळतो. हळूहळू खूण उशिरा द्या: आधी १ सेकंद नाक टिकलं तर, मग २, मग ३. एका सत्रात ८ ते १० फेऱ्या, दिवसात २ सत्रं, एकेक ५ ते १० मिनिटांचं. कुत्र्याला अजून हवं असतानाच थांबा.

फळीवर पहिल्यांदा ३ डब्या: एकीत कमी साखरेचा नमुना, दोघींत नुसता कोरा गॉज. १० पैकी ८ वेळा बरोबर येऊ लागलं की कोऱ्या गॉजच्या जागी नेहमीच्या साखरेचे नमुने घाला. इथं बहुतेक कुत्रे कोसळतात आणि मालकाचा धीर सुटतो. खरं काम इथूनच सुरू होतं, कारण आतापर्यंत त्यानं "माणसाचा वास" एवढंच शिकलेलं असतं. मागं जाऊ नका, मदतही करू नका. चुकीच्या डबीपाशी काहीच बोलायचं नाही. बरोबर डबीवर नाक क्षणभर जास्त थांबलं तरी बक्षीस द्या. साधारण २-३ आठवड्यांत फरक पडतो. मग ६ डब्या. त्यात घामाचे नमुने, स्पिरिटचा बोळा, ग्लुकोज पावडर आणि एखाद्या वेळी भेळ किंवा सुक्या मटणाचा कण घाला. जागा फासा टाकून ठरवा. माणूस स्वतः जागा निवडतो तेव्हा मधल्या डब्या जास्त वापरतो, आणि कुत्र्याला ते लवकर कळतं.

सगळ्या डब्यांना सारखाच हात लावा, हातमोजे घालून. ज्या डबीत तुम्ही शेवटी हात घातला तिला तुमचा ताजा वास असतो, आणि कुत्रा तीच निवडतो.

इशारा वेगळा शिकवा, वासाशिवाय. मांडीवर नाकानं दोनदा जोरात ढोसणं हा आमच्या मते सगळ्यात चांगला. पंजा मारायला शिकवला तर झोपलेल्या पोराला ओरखडे येतात. भुंकायला शिकवला तर वाड्यातले शेजारी चार दिवसांत तक्रार घेऊन येतील. ढोसणं पक्कं झालं की ते वासाला जोडा: बरोबर डबी हुंगली की तुम्ही मांडी पुढं करा, ढोसलं की बक्षीस.

आंधळी परीक्षा

कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात, २०११ मध्ये, १८ कुत्रे आणि त्यांचे हाताळणारे अशा जोड्यांना एका इमारतीत शोध घ्यायला लावला. शोधायचा वास कुठंच ठेवलेला नव्हता. तरी २२५ चुकीचे इशारे नोंदले गेले, आणि वास असल्याचं हाताळणाऱ्यांना सांगितलेल्या जागी ते जास्त होते. कुत्रा तुमची मान, थांबलेला श्वास, पायांची दिशा वाचतो.

म्हणून फळी एकानं मांडायची आणि खोलीबाहेर जायचं. कुत्र्याला आणणाऱ्याला जागा माहीत नसावी. खोलीत जागा ठाऊक असलेलं कुणीही नको, दारातून डोकावणारी आईसुद्धा नको. हाताळणाऱ्यानं "इशारा, डबी ४" असं मोठ्यानं म्हणायचं, बाहेरच्यानं "हो" किंवा "नाही" एवढंच सांगायचं. दर ५-६ फेऱ्यांत एक रिकामी फेरी घाला, जिच्यात कमी साखरेचा नमुनाच नाही. सगळ्या डब्या हुंगून इशारा न देता परत आला तर त्यालाही बक्षीस. रिकामी फेरी न शिकवलेला कुत्रा पुढं घरात दर अर्ध्या तासानं ढोसत बसतो.

बाजूला ठेवलेल्या, कधीच न वापरलेल्या नमुन्यांवर अशा निदान ३० फेऱ्या घ्या. ६ डब्यांत अंदाजानं निवडलं तरी दर ६ त एकदा बरोबर येतंच, हे ध्यानात ठेवा. नमुना असलेल्या फेऱ्यांत ८० टक्के अचूकता आणि रिकाम्या फेऱ्यांत क्वचितच इशारा, इतकं जमल्याशिवाय पुढं जाऊ नका.

डबीवरून माणसाकडं

नमुन्याची डबी रुग्णाच्या खिशात ठेवून सुरुवात करा, तीही आंधळेपणानं: घरातल्या तिघांच्या खिशात तशाच डब्या, खरा नमुना एकाच्या. बसून, झोपून, चालताना, गच्चीवर आणि शेवटी रंकाळ्याच्या गर्दीत. रात्रीचा सराव वेगळा करावा लागतो. दिवा बंद, माणूस पांघरुणात, आणि अशा वेळी झोपलेल्या कुत्र्यालाही आधी उठावं लागतं. कुत्रा माणसाच्या उशाशी, हातभर अंतरावर झोपू द्या. बाहेर व्हरांड्यात बांधलेल्या कुत्र्याकडून रात्रीच्या इशाऱ्याची अपेक्षा ठेवू नका.

खरा इशारा आला की शांतपणे "थांब" म्हणून मीटर घ्या. ७० च्या खाली आकडा आला तर रुग्णानं आधी साखर घ्यायची आणि दुसऱ्या कुणीतरी कुत्र्याला १०-१२ तुकडे एकामागून एक द्यायचे, मनापासून कौतुक करत. आकडा ठीक असेल तर बक्षीस नाही, रागावणंही नाही. १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण साखर उतरत असताना कुत्रा आधीच ढोसू शकतो. त्वचेवरच्या सेन्सरचा आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागं असतो, तेव्हा खात्री बोटावरच करा. खात्रीशिवाय "शहाणा माझा" म्हणून तुकडा देणारी आज्जी महिनाभरात सगळं प्रशिक्षण पुसून टाकते. तिला हे प्रेमानं, पण स्पष्ट सांगा.

मीटरवर साखर कमी आली आणि कुत्रा गप्प राहिला, तर सुरक्षिततेचा वरचा नियम पाळून नमुना घ्या, रुग्णाला साखर द्या आणि तोच गॉज लगेच कुत्र्याला हुंगवून इशारा करवून घ्या. त्याची चूक भरून काढायला याहून चांगली संधी मिळत नाही.

नोंदवहीत चार रकाने पुरतात: वेळ, आकडा, इशारा दिला का, कुत्रा तेव्हा कुठं होता. दोन गुणोत्तरं काढा. समजा, महिन्यात २० वेळा साखर उतरली आणि त्यातल्या १५ वेळा ढोसलं, तर पकड ७५ टक्के. एकूण इशारे २५ आणि त्यातले खरे १५, तर विश्वासार्हता ६० टक्के. पहिलं घटलं तर नमुने जुने झालेत किंवा कुत्रा दमलाय. दुसरं घटलं तर कुणीतरी फुकट बक्षीस देतंय.

तयार कुत्रा विकत घ्यायचा असेल, तर तुमच्या रुग्णाच्या नमुन्यांवर, तुम्ही मांडलेल्या फळीवर, आंधळी परीक्षा घेऊ द्या अशी अट घाला. नकार देणाऱ्याकडून घेऊ नका.

काम सुरू झाल्यावरही महिन्यातून एकदा ताज्या नमुन्यांवर १० फेऱ्या घ्या, त्यात दोन रिकाम्या. पकड सलग दोन आठवडे निम्म्याच्या खाली राहिली, तर कुत्र्याला घरातल्या जबाबदारीतून मोकळं करा, पशुवैद्याकडून नाक, दात आणि ताप तपासून घ्या आणि ३ डब्यांच्या फळीपासून पुन्हा सुरू करा. तोवर रात्री २-३ च्या सुमाराला गजर लावून मीटरनं तपासणी चालू ठेवा.